मॅग्नेटला चिकटलेलं ते काळं फेकू नका: खडकाच्या लॅबवाल्यांना खुलं पत्र

खडक फोडणाऱ्या, दळणाऱ्या, ॲसिडमध्ये विरघळवणाऱ्या आणि खडकांचे कोअर (जमिनीत भोक पाडून काढलेले खडकाचे लांब दांडे) वर्षानुवर्षं रॅकवर सांभाळणाऱ्या सगळ्या मंडळींना,

नमस्कार.

सरळ मुद्द्यावरच येतो. खडकाचा भुगा केला की त्यावरून तुम्ही आधी मॅग्नेट फिरवता, आणि त्या मॅग्नेटला जी काळी मिशी फुटते, ती कचऱ्याच्या डब्यात झटकू नका. एवढंच सांगायचंय. बाकी पुढे जे काही लिहिलंय ते "का बरं नको?" याचं उत्तर आहे, ते जरा लांबलंय, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो.

आधी माझी ओळख, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको की हा कोण टिकोजीराव. मी शास्त्रज्ञ नाही. टेक्निशियन म्हणून काम केलं, म्हणजे बादल्या भरा, चाळण्या धुवा, लेबलं लावा, आणि साहेब लोक चहाला गेले की फ्युम हूडचा पंखा चालू आहे ना ते बघा. कोनोडोंटसाठी (दातांसारखे बारीक जीवाश्म) चुनखडक विरघळवणाऱ्या लॅबमध्ये होतो, मग झिरकॉन (खडकाचं वय सांगणारं खनिज) काढणाऱ्या लॅबमध्ये. दोन्हीकडे काम वेगळं, पण एक गोष्ट सारखी, मॅग्नेटला लागलेला माल हा "नको असलेला" माल. तो आधी बाजूला काढायचा कारण पुढच्या हेवी लिक्विडच्या (जड दाणे बुडतात, हलके तरंगतात असा द्रव) कामात त्याची अडचण होते, आणि बाजूला काढला की त्याच्याकडे परत कुणी बघत नाही. मीही कित्येक वर्षं बघितलं नाही. किती झटकला असेल मी, आता आठवलं तरी पोटात खड्डा पडतो.

तर त्या काळ्या मालात काय असतं. बहुतेक सगळं साधंच असतं, खडकातलाच मॅग्नेटाइट, क्रशरच्या जबड्याचं झिजलेलं स्टील, गंज. पण कधीमधी एखादी गोळी असते. अगदी गोल, काळी, चकचकीत, केसाच्या जाडीएवढी. आणि ती गोळी वरून आलेली असते, म्हणजे खरोखरचं वरून, पृथ्वीबाहेरून. आकाशात दिसते ती उल्का आणि जमिनीवर सापडतो तो अशनी, हे शाळेत शिकलोय आपण, पण हे तिसरं प्रकरण कुणी फारसं सांगत नाही, की मोठे अशनी क्वचित पडतात आणि धूळ मात्र रोज पडते, सगळीकडे पडते. अंटार्क्टिकाच्या मधोमध डोम सी नावाच्या जागी बर्फ वितळवून, गाळून, दाणे मोजून २०२१ साली हिशोब आला की ३० ते २०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मापातली ही धूळ वर्षाला साधारण ५,२०० टन जमिनीवर पोचते. मोठ्या अशनींचा वर्षाचा माल दहा टनांच्या आतच. म्हणजे आपण ज्यांना काचेच्या पेटीत ठेवतो ते सगळे मिळून या धुळीपुढे किरकोळच म्हणायचे.

आणि ही धूळ काय आजच पडायला लागलेली नाही. समुद्राच्या तळाशी गाळ बसत होता तेव्हाही पडत होती, त्या गाळाचा पुढे चुनखडक झाला, चर्ट (गारेसारखा कठीण खडक) झाला, खडू झाला, आणि दाणे आत अडकून बसले. तुम्ही तो खडक फोडलात की कोट्यवधी वर्षांनी ते पहिल्यांदा बाहेर येतात आणि दोन मिनिटांत कचऱ्यात जातात. बरं, कुणाला दोष द्यावा असंही नाही, कारण तुम्ही ते शोधतच नव्हतात.

आता एका गोळीबद्दल नीट सांगतो कारण ती नुसती "अंतराळातून आलेली गोळी" म्हणून भारी नाहीये. समजा लोखंड आणि निकेलचा एक बारीक कण आहे. तो सेकंदाला ११ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने वातावरणात घुसतो. साधारण ७५ ते ९० किलोमीटर उंचीवर हवा अगदी विरळ असते, पण वेग एवढा की कण वितळतो. वितळलेल्या थेंबाचा आपोआप गोळा होतो, पाण्याच्या थेंबासारखा. आणि त्या काही सेकंदांत गरम लोखंड तिथल्या हवेतला ऑक्सिजन धरतं, त्याचं वुस्टाइट आणि मॅग्नेटाइट होतं, दोन्ही लोखंडाचे ऑक्साइड. मग वेग कमी होतो, थेंब गोठतो, आणि धूळ बनून हळूहळू खाली येतो. यातली मेख लक्षात घ्या. येताना त्या कणात नुसता धातू होता, ऑक्सिजन नव्हता. खाली आला तेव्हा त्यात जो ऑक्सिजन आहे तो सगळाच्या सगळा आपल्या वातावरणातला आहे, आणि तोही कुठला, तर ऐंशी किलोमीटरवरचा. तिथली आजची हवा आणायची तर रॉकेट पाठवावं लागतं. २७० कोटी वर्षांपूर्वीची आणायची तर दुसरा कुठलाच मार्ग मला माहीत नाही, हा दाणाच.

हे मी कल्पना करून सांगत नाहीये, झालंय हे. २०१६ साली ॲन्ड्र्यू टॉमकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिल्बारा भागातला, तुंबियाना फॉर्मेशनचा चुनखडक ॲसिडमध्ये विरघळवला आणि त्यातून ६० सूक्ष्म अशनी काढले. खडकाचं वय २७० कोटी वर्षं. त्या काळी जमिनीजवळच्या हवेत ऑक्सिजन नव्हताच म्हणा, तो साठायला लागला साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, हे तर सगळेच धरून चालतात. पण या गोळ्यांमधलं लोखंड चांगलं ऑक्सिडाइज झालेलं. म्हणून त्यांनी म्हटलं की वरच्या थरात तरी ऑक्सिजन आजच्याएवढा असावा, सूर्यप्रकाशाने वरच्या वर वायूंची मोडतोड होऊन तयार झालेला. यावर बाकीचे गप्प बसणार थोडेच. २०२० साली दुसऱ्या एका गटाने गणित मांडलं की ऑक्सिजनची गरजच नाही, कार्बन डायऑक्साइडही गरम लोखंडाला ऑक्सिजन देऊ शकतो, फक्त हवेत तो ७० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाहिजे. आणखी काही जण म्हणाले की नायट्रोजन कमी धरा, हवेचा दाबच कमी धरा, तरी जमतंय.

म्हणजे बघा, साठ दाणे आणि तीन तऱ्हेची आकाशं. आणि ही भांडणं काही कुणाच्या हुशारीने मिटणार नाहीत, ती मिटतील आणखी दाण्यांनी, वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या खडकांमधल्या दाण्यांनी. ते खडक कोण फोडतंय? तुम्ही फोडताय. रोज. वेगळ्या कामासाठी फोडताय एवढंच.

माझी तक्रारही एक आहे, ती सांगूनच टाकतो. एका लॅबमध्ये (नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत) जुन्या प्रोजेक्टच्या मॅग्नेटिक मालाच्या नऊ बाटल्या एका खोक्यात पडून होत्या. मी विचारलं, नेऊ का बघायला? म्हणाले, ने की, पुढच्या आठवड्यात ये. गेलो तर खोकं नव्हतं, मधल्या दिवसांत साफसफाई झाली होती. कुणी टाकलं ते कुणाला माहीत नाही, कुणाला वाईटही वाटलं नाही, उलट मलाच विचारतात, "त्यात काही होतं का?" आता काय सांगणार, होतं की नव्हतं हे कळायलाच तर आलो होतो ना बाबा. त्यातला एक थर असा होता की तिथे गाळ फार सावकाश बसला असणार, ते नंतर कळलं तेव्हा तर आणखीच चरफडलो.

सावकाश का, तर हे पण सांगायला पाहिजे. धूळ पडण्याचा वेग साधारण तोच, पण गाळ बसण्याचा वेग जागेप्रमाणे बदलतो. नदीच्या मुखाशी भसाभस गाळ येतो, त्यात धुळीचे दाणे हरवून जातात. खोल शांत समुद्रात हजार वर्षांत काही मिलिमीटरच गाळ बसतो, तिथे किलोभर खडकात खूप मोठ्या काळाची धूळ गोळा झालेली असते. म्हणून हार्डग्राउंड (समुद्राचा तळ जागच्या जागी घट्ट होऊन झालेला थर), थोड्या जाडीत फार मोठा काळ मावलेले थर, तांबडा चुनखडक, खोल समुद्रातला चर्ट, असलं काही तुमच्या क्रशरमध्ये जात असेल तर जरा दोनदा विचार करा.

स्वीडनमधलं उदाहरण तर प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लावावं असं आहे. किनेकुल्लेजवळ थॉर्सबर्ग नावाची खाण आहे. तिथे साधारण ४६.७ कोटी वर्षं जुना तांबूस चुनखडक करवतीने कापून फरशा बनवतात. त्या फरशांमध्ये कधीकधी काळे-करडे डाग यायचे. डाग म्हटल्यावर माल खराब, फरशी बाजूला फेकून द्यायची. ते डाग म्हणजे चक्क अशनी होते, ऑर्डोव्हिशियन काळात समुद्रात पडून गाळात गाडले गेलेले. लुंड विद्यापीठाचे बिर्गर श्मिट्झ आणि मंडळींनी खाणकामगारांशी बोलून ठेवलं की डाग दिसला की फेकू नका, आम्हाला द्या, आणि त्या एका खाणीतून शंभरावर अशनी निघाले. शंभरावर! मशीन तीच, माणसं तीच, दगड तोच. फक्त फेकायच्या आधी कुणीतरी हात धरला.

त्याच्या आधीचा, स्वीडनमधल्याच ब्रुनफ्लोचा किस्सा तर आणखी मजेशीर आहे. १९५२ साली तिथल्या खाणीत असाच एक काळा तुकडा दिसला, कुणीतरी तो ठेवून दिला, आणि तो अशनी आहे हे कळलं १९७९ साली. सत्तावीस वर्षं तो दगड नुसता पडून होता. पण होता, हे महत्त्वाचं. ज्याने ठेवला त्याला तो काय आहे ते माहीत नव्हतं तरी त्याने ठेवला.

असो, तर श्मिट्झ लोक तिथेच थांबले नाहीत. अख्खा अशनी सापडणं नशिबाचा भाग, पण त्याच खडकात विखुरलेली बारीक धूळ सगळीकडे असणार ना, मग त्यांनी टनावारी चुनखडक हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवला आणि उरलेल्या मालातून क्रोमाइट या काळ्या खनिजाचे दाणे वेचले. क्रोमाइटच का, तर अशनीतली बाकीची खनिजं कोट्यवधी वर्षांत सडून माती होतात, क्रोमाइट हट्टी, तो तसाच राहतो, आणि त्यातल्या मूलद्रव्यांवरून तो कुठल्या जातीच्या अशनीतला हेही सांगता येतं. निघालं काय, तर एका ठराविक थराखाली हे दाणे अगदी तुरळक आणि थराच्या वर एकदम शंभरेक पटीने जास्त. ४६.६ कोटी वर्षांच्या सुमारास मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात एक मोठा लघुग्रह फुटला होता, एल-कॉन्ड्राइट जातीच्या (दगडी अशनींचा एक प्रकार) अशनींचा बाप म्हणा, त्याची धूळ ही. आज जमिनीवर पडणाऱ्या अशनींमध्येसुद्धा त्या फुटीचा माल पुष्कळ आहे, एवढी ती मोठी. दाण्यांमधल्या निऑन वायूवरून (दाणा अंतराळात जितका जास्त राहील तितका तो साठतो) हेसुद्धा मोजलं की फुटल्यावर काही दाणे एक लाख वर्षांतच पृथ्वीवर पोचले. आणि २०१९ साली त्यांनी म्हटलं की त्या धुळीने सूर्यप्रकाश अडून त्या काळच्या हिमयुगाला हातभार लागला असावा. ते शेवटचं पटो न पटो, मला स्वतःला अजून पुरतं पटलेलं नाही, पण वाद घालायला हातात दाणे तरी आहेत.

रशियात सेंट पीटर्सबर्गजवळ लिन्ना नावाच्या नदीकाठी त्याच वयाच्या सुमाराचे थर आहेत, तिथून फुटीच्या आधीच्या काळातले दाणे काढले तर २०१७ मध्ये कळलं की त्या वेळी पडणाऱ्या अशनींची जातवारी आजच्यापेक्षा फार वेगळी होती, आज जे दुर्मीळ ते तेव्हा नेहमीचे. म्हणजे "अशनी" म्हटल्यावर आपण जे डोळ्यापुढे आणतो ते फक्त आजचं चित्र. बाकीच्या काळांचं काय? त्याचा माल तुमच्याकडे येऊन जातोय.

एक शंका मला नेहमी ऐकवतात, की अहो, इतक्या जुन्या खडकात हे दाणे टिकलेच नसतील, कशाला उगाच. इंग्लंडच्या दक्षिणेकडचा पांढरा खडू घ्या, क्रेटेशियस काळातला. त्यातून मार्टिन सटल आणि मॅथ्यू गेंज यांनी २०१७ च्या कामात ७६ गोळ्या काढल्या. त्यांतल्या कित्येक गोळ्यांची मूळ खनिजं केव्हाच गेलेली, त्यांच्या जागी दुसरीच बसलेली, पण आकार तोच आणि आतली स्फटिकांची झाडासारखी नक्षी तशीच. जसं शंखाचं जीवाश्म होतं तसं या गोळीचंही जीवाश्म झालेलं. इतकी वर्षं लोकांनी त्या बघितल्या नसतील असं नाही, बघितल्या आणि "हे इथलंच काहीतरी" म्हणून सोडून दिल्या. जपानच्या मधल्या ट्रायासिक काळातल्या चर्टमधूनही काढलेत. मिठाच्या खडकात तर १९६० च्या दशकातच शोधत होते. म्हणजे टिकतात, ओळखायला नजर लागते एवढंच.

नजरेवरून आठवलं, आता माझीच फजिती सांगतो, कारण तीही तुमच्या कामाची आहे. पहिल्यांदा मला गोळी सापडली तेव्हाचं. स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या कागदावर काळा भुगा पसरला होता. कागद किंचित तिरका केला की बाकीचे दाणे घसरत, अडखळत जातात आणि गोळी एकटीच सरळ घरंगळत येते, हा जुना उपाय. तर एक आली घरंगळत. मी श्वास धरून बसलो, कारण श्वास सोडला तरी उडते ती. एका केसाचा ब्रश ओठाला लावून किंचित ओला केला आणि टोकाने गोळी उचलली. लाईटखाली बघितली, काळी, अंगावर बारीक खवल्यांसारखी नक्षी, एका बाजूला इवलासा खड्डा. मला वाटलं वितळलेल्या थेंबातला जड धातूचा मणी इथूनच निसटला असणार! तीन दिवस मी जमिनीवर नव्हतो. मग ओळखीच्या एकाने ती राळेत बसवून, घासून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली टाकली. निकेल शून्य, मँगनीज भरपूर. आमच्याच वर्कशॉपचं वेल्डिंग. बाहेर गेटची दुरुस्ती चालली होती आणि ठिणग्या खिडकीतून आत आल्या होत्या, किंवा कुणाच्या तरी कपड्यांवरून आल्या असतील. खडक अमुक कोटी वर्षांचा आणि गोळी गेल्या मंगळवारची.

हसा, मीही नंतर हसलो. पण यातून जे शिकलो ते सांगतो. वेल्डिंग, ग्राइंडर, कोळशाची राख, फटाके, गाड्यांचे ब्रेक, सगळ्यांतून गोळ्या होतात. म्हणून गोल आहे आणि काळं आहे यावर काहीच ठरत नाही. आत निकेल आहे का, धातूचा मणी असेल तर तो मधोमध न बसता एका बाजूला सरकलाय का (वेग कमी होताना जड धातू पुढे ढकलला जातो म्हणून तो सरकतो), दगडी जातीची गोळी असेल तर ऑलिव्हिन या खनिजाच्या पट्ट्या आहेत का, हे बघितल्याशिवाय कुणाला पेढे वाटू नका. उलट बाजूने हेही खरं की माणसांच्या पसाऱ्यातूनही खऱ्या गोळ्या निघतात. जॉन लार्सन नावाचा नॉर्वेचा जॅझ वाजवणारा माणूस, तो शहरातल्या छपरांवरची धूळ गोळा करत बसला, सगळे म्हणायचे शहरात शक्यच नाही, आणि २०१७ साली शास्त्रज्ञांबरोबर मिळून त्याने ३०० किलो धुळीतून ५०० खरे दाणे दाखवले. त्याची चिकाटी बघून मला माझ्या एका गोळीचं दुःख करायची लाज वाटली.

तर मागणं काय आहे ते आता नीट बोलू.

मॅग्नेटला लागलेला माल एका बाटलीत जाऊ द्या. जागा नाही म्हणाल, पण दहा किलो स्वच्छ चुनखडकातून निघणारा हा माल माझ्या अनुभवात अंगठ्याएवढ्या बाटलीत मावतो, खणाच्या एका कोपऱ्यात पन्नास नमुने बसतील. बाटलीवर खडकाचं नाव, थर आणि जागा लिहाल हे मी धरूनच चालतो, पण एक गोष्ट हटकून राहते ती म्हणजे वजन. एकूण किती किलो खडकातून हा माल निघाला ते लिहिलं नसेल तर पुढे दाणे सापडूनही "तेव्हा धूळ किती पडत होती" हे सांगता येत नाही, नुसतं "सापडले" एवढंच हातात राहतं. मी असली लेबलं बघितलीत, सुंदर अक्षर, तारीख, सही, सगळं, आणि वजनच नाही. डोकं आपटावंसं वाटतं.

दुसरं म्हणजे क्रशरची हकिकत लिहा. कुठल्या जबड्यात फोडला, त्याच्या आधी त्यात काय फोडलं होतं, त्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये वेल्डिंग चालू होतं का. शक्य असेल तर महिन्यातून एकदा साधा शुद्ध क्वार्ट्झ त्याच मशीनमधून काढा आणि त्याचाही मॅग्नेटिक माल ठेवा, म्हणजे तुमच्या मशीनचा स्वतःचा कचरा कसा दिसतो ते कळेल. माझ्याकडे त्या वेळी असली एक बाटली असती तर माझे ते तीन दिवस वाचले असते. आणि कोनोडोंटवाल्यांना तर जास्तच आग्रहाने सांगतो, तुमचा खडक तुम्ही दळत नाही, ढेकळं करून सौम्य ॲसिटिक किंवा फॉर्मिक ॲसिडमध्ये बादलीत आठवडे बुडवून ठेवता, त्यामुळे स्टीलची भेसळही कमी आणि गोळ्याही फुटत नाहीत. तुमचा उरलेला गाळ म्हणजे सोनं आहे. जोरदार हायड्रोक्लोरिकमध्ये क्रोमाइट तगतो पण ऑलिव्हिनवाल्या आणि लोखंडी गोळ्यांची वाट लागू शकते, म्हणून कुठलं ॲसिड वापरलं तेही बाटलीवर येऊ द्या.

कोअर सांभाळणाऱ्यांना एवढंच, की जागा करायची म्हणून जुने कोअर काढून टाकायची वेळ येते हे मला कळतं, रॅक काही रबराचे नसतात. पण टाकायच्या आधी यादी लावा, आठ दिवस का होईना. सावकाश बसलेल्या थरांचे तुकडे मागायला कुणीतरी येईल. गेल्या शतकात खोदलेली काही भोकं आज कुणी परत खोदणार नाही, पैसा कुठून आणणार.

आणि ज्यांनी शोधलं आणि काहीच मिळालं नाही, त्यांनीही तसं लिहा. "वीस किलो, शून्य गोळी" हे उत्तर आहे, अपयश नाही. नाहीतर पुढचा माणूस तोच थर परत फोडतो.

कुणाला वाटेल हा माणूस धुळीच्या मागे लागलाय आणि आम्हाला खरी कामं आहेत. मान्य. पण धुळीचा स्वभावच असा आहे की ती भलत्याच कामाला येते. वॉल्टर आणि लुइस अल्वारेझ या बापलेकांनी इटलीतल्या गुब्बिओजवळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम (जमिनीत दुर्मीळ, वरून येणाऱ्या धुळीत मात्र जास्त असणारा धातू) का मोजलं होतं? डायनोसॉर कसे मेले ते शोधायला नव्हे. त्यांना फक्त एवढंच बघायचं होतं की तो थर बसायला किती वर्षं लागली, आणि वरून पडणारी धूळ घड्याळासारखी सारख्या वेगाने पडते असं धरून त्यातलं इरिडियम मोजायचं ठरवलं. मोजलं तर आजूबाजूच्या थरांच्या तीसपट निघालं. १९८० सालच्या त्या पेपरमुळे डायनोसॉर वरून आलेल्या लघुग्रहाच्या धडकेने संपले ही कल्पना पुढे आली, ते सगळ्यांना माहीत आहे. निघाले होते घड्याळ लावायला!

आणि या सगळ्याच्या आधी, १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर जहाज समुद्राचा तळ तपासत फिरलं तेव्हा जॉन मरे यांनी तळाच्या तांबड्या चिखलात मॅग्नेट फिरवला आणि काळ्या गोळ्या बाहेर काढल्या. तिथूनच हे सगळं सुरू झालं. त्या मोहिमेतले तळाचे नमुने आजही लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये बाटल्यांमध्ये आहेत. जवळपास दीडशे वर्षं! आणि आपल्याला साफसफाईत एक आठवडा धीर धरवत नाही.

ज्यांना निवडत बसायला वेळ नाही त्यांनी निवडू नका, फक्त ठेवा. निवडणारे मिळतात. विद्यार्थी असतात, माझ्यासारखे रिकामटेकडे असतात, संध्याकाळी दोन तास मायक्रोस्कोपवर बसायला मला स्वतःला कधी कंटाळा आलेला नाही, मान दुखते तेवढी.

कळावे,
चाळण्या धुणारा एक

ता.क. बाटली काचेची घ्या. प्लॅस्टिकच्या डबीत दाणे डबीच्या अंगाला चिकटून बसतात, झाकण उघडलं की टणकन उडतात आणि मग टेबलाखाली मॅग्नेट घेऊन रांगत बसावं लागतं. आणि मॅग्नेट कधीही उघडा भुग्यात घालू नका, कागदात गुंडाळून फिरवा, म्हणजे काम झाल्यावर मॅग्नेट ओढून घेतला की माल आपोआप खाली पडतो. उघड्या मॅग्नेटला एकदा गोळी चिकटली की ती सोडवता सोडवता हरवते, विचारा मला.